सूनबाई बोटीवर, मीरा माझ्याकडे

५ जानेवारी. सकाळी गारवा, सुपारीच्या वाडीत दव, वारा पडलेला.

एवढं लिहून वही मिटायची, अशी माझी जुनी सवय. कारखान्यात लॉगबुक लिहून लागलेली. तारीख, हवा, काय झालं, संपलं! पण घरात पावणेतीन वर्षांचं एक मूल आणि शेजारचं तेवढंच दुसरं असलं, की दिवसाला एक पान पुरत नाही. समासात लिहावं लागतं. महिनाभरात समासही भरले. त्यातलेच हे किस्से.

आधी घरची परिस्थिती सांगतो. मुलगा जहाजावर. सून स्नेहल, तिला चार परीक्षा दिल्यावर मुंबईत नोकरी लागली. रोज चौलहून मांडवा, तिथून बोट. त्यांची मुलगी मीरा आजवर आईला सोडून एक दिवस राहिलेली नाही. स्नेहल म्हणाली, "बाबा, एक महिना बघू. नाहीच राहिली, तर राजीनामा देते. तिला रडत ठेवून माझ्याच्यानं काम व्हायचं नाही."

माझी बायको सुधा सकाळी वाडीत, दुपारी शिलाई मशीनवर. म्हणजे मीराला रमवायची ड्युटी माझी. नुकताच रिटायर झालेला मोकळा माणूस!

* * *

पहिल्या दिवशी मीरा पायरीवर बसून रडली. मी समजावलं नाही, खेळणं दिलं नाही. मोड आलेल्या वालांचं पातेलं घेतलं, चार हात लांब बसलो आणि सोलायला लागलो. मुद्दाम वाईट! नखं लावून, दाण्याचे तुकडे करत.

रडणं चालू, पण एक डोळा माझ्याकडे. शेवटी उठली, फ्रॉकला नाक पुसलं, माझ्या हातातला वाल घेऊन दोन बोटांनी दाबला. दाणा टुणकन बाहेर!

"असं कर, आबा."

वहीत लिहिलं: रडणं चाळीस मिनिटं. बोटं उत्तम चालतात.

पण मग तिला रोज सकाळी वालच हवे. सोललेले वाल टाकणार कुठे? नवव्या दिवशी पुन्हा वालाच्या बिरड्याची वाटी माझ्यापुढे सरकवत सुधा म्हणाली, "नातीचं कौतुक आहे हो मला. पण उद्यापासून तिला मेथी निवडायला शिकवा!"

* * *

शेजारच्या जनाबाय मासळी विकतात. बाजाराला जाताना नातवाला, रुद्रला, आमच्याकडे सोडतात.

स्नेहलनं चित्रांची कार्डं ऑनलाइन मागवली होती. गाय दाखवली, रुद्र म्हणाला "गाय." झाड दाखवलं, "झार." मासा दाखवला, की तोंड बंद. तीन दिवस हेच. मासळीवाल्यांच्या घरातलं पोर आणि मासा ओळखत नाही! मी काळजीत पडलो. चौथ्या दिवशी जनाबायना सांगितलं.

त्यांनी टोपली खाली ठेवली. कार्ड उजेडात धरलं, आडवं धरलं, उभं धरलं.

"भाऊ, ह्यो कंचा मासा हाय? पापलेट न्हाय, बांगरा न्हाय, सुरमय न्हाय. ह्याची शेपटी बगा! आसला मासा दर्यान न्हाय. पोर काय खोटा बोलंल?"

मग टोपलीतले मासे एकेक करून पाटावर मांडले. रुद्रनं सहाच्या सहा नावं सांगितली. त्यातली दोन मला माहीत नव्हती.

"मासा ओळखत नाही" ही नोंद मी खोडली. खाली लिहिलं: कार्ड चुकीचं.

* * *

सुपारीच्या झावळीचं बूड म्हणजे विरी. रुंद, गुळगुळीत. त्यावर पोरांना बसवायचं आणि अंगणभर ओढायचं. आम्ही लहानपणी हेच केलं. मी दोघांना अर्धा तास ओढलं, कंबर बोलायला लागली.

"आता आबा बस," मीरा म्हणाली.

बसलो. दोघांनी झावळी धरली आणि जोर लावला. विरी जागची हलेना. रुद्र पुढून येऊन माझ्याकडे बघून गेला, मागून बघून गेला. मग दोघंही हात झटकून निघाली.

"कुठे चाललात रे?"

मीरा थांबली नाही. "आबा बंद आहे!"

* * *

लहान-मोठं ओळखायला शिकवायचं होतं. वाळवणातल्या सालासकट सुपाऱ्या दिल्या, म्हणजे तोंडात जायची भीती नाही. मोठ्या इकडे, छोट्या तिकडे. दोघं रंगून गेली. मीही जरा डोळे मिटले. चूक तिथे झाली!

त्याच दुपारी सुधाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आत वीस-बावीस बायका, बाहेर त्यांच्या चपला. वाण म्हणून सुधानं स्टीलच्या गाळण्या आणलेल्या. बायका निघाल्या आणि पायरीवर एकच गलका. प्रत्येक चपलेत एक सुपारी! मोठ्या चपलेत मोठी, छोट्या चपलेत छोटी.

"सुधाताई, आत गाळणी, बाहेर सुपारी? डबल वाण गं बाई यंदा!"

सुधानं माझ्याकडे बघितलं. मी चपलांकडे. सगळ्या रांगेत फक्त एक सुपारी चुकली होती. सुधाला तेवढं सांगून बघितलं. तिनं ऐकून घेतलं नाही.

* * *

सगळेच दिवस असे नव्हते. तिसऱ्या आठवड्यात मीराला सर्दी झाली. सकाळी ती आईच्या ओढणीला जी चिकटली, ती सोडवून घ्यावी लागली. तासाभरानं स्नेहलचा मांडव्याहून फोन आला. मी उचलला, आणि तिला मागचं रडणं ऐकू गेलं. समोर बोट लागलेली होती, ती सोडून स्नेहल परत आली.

दुपारी मीराला मांडीवर झोपवून मला म्हणाली, "बाबा, राजीनामा मोबाइलवर लिहून ठेवलाय. शुक्रवारी रजा घेते, दिवसभर घरी बघते आणि पाठवते."

मी "बरं" म्हटलं.

* * *

शुक्रवार उजाडला. हवा स्वच्छ, थोडा वारा. आई घरी म्हणून मीरा तासभर तिच्या मागे-पुढे. मग रुद्र आला. अंगणात सतरंजी अंथरली गेली. सतरंजी म्हणजे बोट. रुद्र पुढे बसून तोंडानं इंजिन चालवतो, मीरा फणसाच्या पानांची तिकिटं देते. मी पॅसेंजर, रोजच्या जागेवर.

स्नेहल दारातून बघत होती. चपला काढून सतरंजीवर यायला लागली.

मीरानं हात आडवा केला. "तू नाही. तू ऑफिसला जा."

"अगं, आज मला सुट्टी आहे."

"सुट्टी संपली."

रुद्रनं इंजिन बंद केलं. स्नेहल तशीच एक पाय सतरंजीवर ठेवून उभी.

मीरानं आईकडे बघितलं. मग हातातल्या पानांतलं एक निवडून तिच्या मुठीत कोंबलं.

"हे घे. घरी यायचं तिकीट."

सोमवारी राजीनामा मोबाइलवरच ठेवून स्नेहल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निघाली. संध्याकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी आली.