उनकेश्वरच्या कुंडात पाठ कुणी घासली

साल दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा. भूतखेत, भानामती असलं मी कधी मानलं नाही... आजही मानत नाही. शाळा चौथीपर्यंतच, पण खोटं लिहिणार नाही.

आमचं गाव चाकूरजवळ. न्हाणीत अंग घासायचा काळा दगड असायचा, भोकाभोकांचा. तसलाच दगड मास्तरांनी एकदा वर्गात आणला. म्हणाले, हा कधीकाळी पातळ होता, विस्तवाच्या नदीसारखा वाहत होता. इथली भुई गार झाली, पण तिकडं किनवटपल्याड उनकेश्वरला अजून कढत पाणी निघतं. त्या दिवसापासून मला अन् थोरल्या भावाला, अण्णाला, एकच ध्यास. ठरलं – दोघांनी संगटच जायचं, अन् त्या पाण्यात एकमेकाची पाठ घासायची. घरी अण्णाच माझी घासायचा. वरून खाली तीनदा. मग दगड खांद्यावर टेकवून म्हणायचा, "झालं. ऊठ."

पुढं लई वर्षांनी अण्णा सासुरवाडीच्या लोकांबरोबर उनकेश्वरला जाऊन आला. मला विचारलं पण नाही. मी बोलणं तोडलं. अकरा वर्षं... एकाच गल्लीत राहून.

मग त्याला लकवा मारला. उजवा हात गेला. त्याचा पोरगा महादेव दारात आला. "काका, अण्णा तुमचंच नाव घ्यायलेत. एकदा या."

मी म्हणलं, "आधी उनकेश्वर बघतो. मग त्याच्याकडं बघतो."

बायको कडाडली, "भाऊ खाटेवर, अन् हे चालले गरम पाणी बघायला! घरीच तापवून देते की, बसा घंगाळात!"

मी ऐकतो होय? अहमदपूर, नांदेड, किनवट – एस्टीनं गेलो. किनवटला मुक्काम केला, सकाळी निघून उनकेश्वर गाठलं. जन्मभर मनात धरलेली जागा... वाटलं होतं भुई धगधगत असंल. होतं एक कुंड, त्यावर वाफ, गंधकाचा वास. पण काठाचा दगड हाताला कोमट लागला अन् डोळे भरून आले. "बघ, मास्तर खरं बोलले" असं म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.

उतरताना तिथला एकजण म्हणाला, "बाबा, बारा वाजलेत. लई वेळ बसू नका, चक्कर येती." अन् तो निघून गेला.

पाण्यात मी एकटा. डोळे मिटले. तेवढ्यात पाठीवर दगड फिरला – खरखरीत. वरून खाली. एकदा, दोनदा, तीनदा. वाटलं, तोच माणूस माघारी आला. मग दगड खांद्यावर टेकला. मी वळलो...

कुणी नाही. पायऱ्या कोरड्या ठाक.

वर येऊन पिशवीतला मोबाईल काढला. महादेवचे फोनच फोन. लावला तर रडतच बोलला, "काका, अण्णा बाराला गेले. माती उद्या सकाळी. तुमच्यासाठी थांबलोत."

कढत पाण्यानं डोकं फिरलं असंल, असं तुम्ही म्हणाल. मीही मनाला तेच सांगत घरी आलो.

आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला बसवूनच न्हाऊ घालतात, बसवूनच माती देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाला अंगणात बसवलं. मी त्याचा लकव्याचा हात उचलला... त्याला गंधकाचा वास. माझी कापडं कालचीच असती तर म्हणलो असतो माझाच हाय. पण मी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आलो होतो. तो वास कुठून आला, मला आजवर कळलं नाही.

न्हाणीतून दगड आणला. अण्णाची पाठ घासली, वरून खाली, तीनदा. दगड खांद्यावर टेकवला.

"झालं," म्हणलं. पुढचा शब्द तोंडातून निघाला नाही.