तत्रैव कोण?

तिसगावच्या सुरेखानं एम.ए.च्या प्रकल्पाला विषय स्वतःच मागून घेतला होता आणि आता तोच तिला आवरेना. लेक नर्सिंग शिकायला पुण्याला गेली, तसं लग्नापायी अर्धवट सुटलेलं शिक्षण तिनं पुन्हा धरलं होतं. बी.ए. बाहेरून झालं. मग एकदा एम.ए.च्या वर्गात इतिहासाच्या सरांनी सांगितलं, की नेवाशाच्या हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीत तान्ही मुलं गेली तर त्यांना दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. ते ऐकून सुरेखाचं पुढच्या तासात लक्षच लागलं नाही. घरातच का? एवढंच तिला शोधायचं होतं.

शोधायचं कुठं, हेच कळेना. मोबाईलवर विचारलं तर भुताचे व्हिडिओ आले, नाहीतर माठांच्या जाहिराती. कॉलेजच्या ग्रंथालयात इतिहासाच्या कपाटात स्पर्धा परीक्षेचीच पुस्तकं जास्त. त्यातून प्राचीन महाराष्ट्रावरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं. त्यात मडक्यांवर जेमतेम दोन परिच्छेद होते, पण खाली बारीक अक्षरात टिपा होत्या. सुरेखानं त्या लक्ष देऊन वाचल्या आणि ग्रंथपाल गोरक्षनाथ सरांच्या टेबलापाशी गेली.

"सर, या तत्रैव यांचं पुस्तक आहे का आपल्याकडे? या विषयावर सगळ्यात जास्त यांनीच लिहिलेलं दिसतंय."

सरांनी चष्मा वर केला. हसू दाबायला त्यांनी बराच वेळ खोकून घेतलं.

"ताई, तत्रैव म्हणजे 'तिथंच'. वरच्या टिपेत ज्या पुस्तकाचं नाव आहे, तेच पुन्हा."

सुरेखाचे कान तापले. पण सरांनी तिला खुर्ची दिली. "वर वर जा, मूळ नाव सापडेल," म्हणाले. टिपेमागून टीप चढत ती वर गेली, तर तिथं पुस्तक नव्हतंच. उत्खननाचा इंग्रजी अहवाल होता. तो इतिहासात नाही, पुरातत्त्वात शोधायचा. त्यावरची चर्चा पुस्तकांत नाही, संशोधनाच्या नियतकालिकांत. आणि हाडांबद्दल काही हवं असेल तर मानववंशशास्त्रात. सुरेखा नुसती मान हलवत राहिली. एका मडक्यासाठी किती दारं!

अहवाल संगणकावरही सापडेना. शेवटी सरांना सुचलं, की इंग्रजीत नेवासा कुणी 'व्ही' घालून लिहितं, कुणी 'डब्ल्यू'. अक्षर बदललं आणि पडद्यावर पिवळट पानं उघडली.

पुढचे कित्येक दिवस ती दुपारी भांडी आटोपून शब्दकोश घेऊन बसे. वाल्मिक, तिचा नवरा, गुरांना पाणी पाजून आला की डोकावे. "आगं, सापडलं का तुझं?"

"सापडलं, पण कळंना. एकजण म्हणतो माया म्हणून पुरायचे. दुसरा म्हणतो भीतीपोटी. तिसरा म्हणतो, मूल पुन्हा त्याच आईच्या पोटी यावं म्हणून."

गोरक्षनाथ सरांना तिनं विचारलंही, यातलं खरं कोणतं?

"ते पुरावे बघून तुम्ही ठरवायचं."

"मी?" सुरेखा म्हणाली. हा निर्णय तिसगावच्या बाईवर का यावा, हे तिला उमगेना.

एका संध्याकाळी तिनं वाल्मिकला अहवालातलं चित्र दाखवलं. घराच्या भिंतीची रेघ, चुलीची खूण आणि तिच्या जवळच मडक्यांची दोन वर्तुळं. वाल्मिक बघत राहिला. त्यांचं पहिलं मूल बारशाआधीच गेलं होतं. सासऱ्यांनी आणि त्यानं ते फडक्यात गुंडाळून शेतात नेलं. बाळंतिणीला कुणी उंबरा ओलांडू दिला नाही. त्यावर पुन्हा कधी बोलणं निघालं नव्हतं.

"आपलं कुठं हाय?" सुरेखानं विचारलं. आपण हे विचारणार आहोत, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"बोरीखाली," वाल्मिक म्हणाला.

"बोरीखाली कशाला? इहिरीच्या अंगाला," पलीकडून सासूबाई राहीबाई बोलल्या. "तुझ्या बापानं मला सांगितलं हुतं."

"आई, मी हुतो तिथं."

"तू हुतास, पर तू शुद्धीवर कुठं हुतास?"

सकाळी वाल्मिक सुरेखाला शेतात घेऊन गेला. बोर केव्हाच तोडली होती, मधे बांधही सरकला होता. तो एका जागी थांबला, मग चार पावलं मागं आला, पुन्हा पुढं गेला. "इथंच असंल," म्हणाला आणि लगेच, "न्हाई गं, मला आता सांगता यीना."

सुरेखा बांधावर बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. वाल्मिकही शेजारी टेकला. एवढ्या वर्षांत दोघं या गोष्टीसाठी एकत्र बसले नव्हते.

प्रकल्पात तिनं तिन्ही मतं मांडली आणि शेवटी लिहिलं, की कारण खात्रीनं सांगता येत नाही. इतिहासाच्या सरांनी 'निष्कर्ष ठाम हवा होता' असा लाल शेरा मारून तिला पास केलं. शेरा बरोबर की आपण, हे काही सुरेखाला ठरवता आलं नाही.