तापाने गेली म्हणून सांगितलेली बाई

काही प्रकरणं कागदावर बंद होतात, मनातून जात नाहीत. उसाच्या पट्ट्यातल्या बेलापूरच्या बाजूचं हे त्यातलंच, मी फौजदार असतानाचं. सकाळी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. ऊसतोड मजुराने बायकोला मारून घाईघाईने जाळलं, एवढं सांगून समोरच्याने फोन ठेवला.

महिला हवालदाराला घेऊन मी मजुरांच्या तळावर गेलो. पाथर्डीकडून तोडीला आलेली टोळी होती. चिता विझत आली होती. नवरा म्हणाला, तापाने गेली. मुकादम म्हणाला, कालपर्यंत चांगली होती. अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि नवऱ्याला ठाण्यात आणलं. उलटसुलट विचारलं, दरडावलं, तरी त्याचा ताप काही उतरेना. खोटं बोलणारा सहसा ठरवलेल्या उत्तरापुढे जात नाही. हाही 'तापाने गेली' या दोन शब्दांपुढे जात नव्हता, त्यामुळे माझा संशय वाढला.

तिकडे हवालदारबाई त्याच्या भावजयीचा जबाब घ्यायला तिच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत गेल्या. तिच्याजवळ दोन तान्ही होती. जुळी आहेत म्हणाली. एक रांगत होतं, दुसरीची नाळही पडली नव्हती. बाईंनी नुसतं दोघांकडे बोट दाखवलं आणि भावजयीला रडू फुटलं. धाकटी त्या मेलेल्या बाईची होती. बाळंतपणात रक्त थांबलं नाही आणि गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं.

हे समोर ठेवल्यावर नवऱ्याने हात जोडले. बाळंतीण गेली की हडळ होते, असं त्यांच्याकडे मानत.

"सायेब, मला आत टाका, पन तसं लिवू नका. हडळीची पोर म्हनून लेकीला कुनी दारात उभं करनार न्हाई."

मी त्याला समजावलं. ताप लिहिला तर कोणी काही विचारणार नाही. बाळंतपण लिहिलं तर गाडी का नव्हती, याची चौकशी आरोग्य खात्याला करावी लागेल. बाळंतपणात गेलेल्या बायका सरकार देशभर मोजतं, आणि भीतीपोटी कितीतरी त्या मोजणीतून सुटतात. त्याने एवढंच विचारलं.

"त्या मोजनीत तिचं नाव येतं का?"

"नाही. नुसता आकडा. गावात ते माझ्याकडून कुणाला कळणार नाही, हा माझा शब्द."

"मग लिवा."

माणूस गुन्हा लपवण्यासाठीच खोटं बोलतो असं मी तोवर धरून चाललो होतो. त्यानंतर जबाब घेताना समोरच्याला कशाची भीती आहे, हे आधी पाहू लागलो.

आता निवृत्तीनंतर घरात मी एकटाच असतो. बायको गेल्यापासून दिवस खायला उठतो. कधीतरी तिला मोठ्याने हाक मारतो, तेवढंच बरं वाटतं. त्या तळावरच्या बाईचं नावही मला पाठ आहे. शब्द दिलाय, म्हणून ते रिकाम्या घरातसुद्धा घेत नाही.