झुंबररावाचा पटका

दानशूर व्हायला दान करावं लागतं, असा आमच्या पिंपळीत पूर्वी एक गैरसमज होता. झुंबररावानं तो दूर केला. त्यासाठी त्याला फक्त एका झाडावर चढावं लागलं.

झुंबररावाचं शेत आणि माझं शेत यांच्यामध्ये एक बांध आहे. तो दर पावसाळ्यात माझ्या बाजूला वीतभर सरकतो. का सरकतो ते मला ठाऊक आहे, पण तो विषय आज नाही. सांगायचं एवढंच, की या माणसाला मी जवळून ओळखतो. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या सडकेला लागून त्याचं घर, घरापुढं विहीर आणि विहिरीमागं मोसंबीची बाग. कालव्याचा पाझर असल्यानं विहीर बारमाही. अशा विहिरीला दुसऱ्या कुणी कठडा बांधला असता. झुंबररावानं भोवती बाभळीच्या काट्या रचल्या होत्या. सडकेनं जाणाऱ्यानं पाणी मागितलं, की तो बारामतीकडं बोट दाखवायचा आणि माणूस बारामतीकडून आलेला असेल तर इंदापूरकडं. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, ही म्हण आमच्याकडं होतीच. झुंबररावाच्या बाबतीत तिच्यात दमडीऐवजी थेंब बसायचा.

एकावन्न साली आम्ही बैलगाडीनं लोणी भापकरच्या यात्रेला गेलो. कुस्त्या उरकल्यावर दुपारी लिंबाखाली भीमा शाहिराचे पोवाडे लागले. भीमा शाहिराचा आवाज असा, की भांडण करायला आलेला माणूस बसून घ्यायचा. त्याची रीत सगळ्या मुलखाला माहीत होती. मधूनमधून ताट फिरायचं, आणि एखाद्यानं शाहिराला पटका बांधला, की पुढच्या कडव्यात त्या माणसाचं नाव गुंफून यायचं. ताट जमिनीवरून फिरतं, हे झुंबररावानं बरोबर हेरलं आणि तो लिंबावर चढून बसला. वरून गाणं तेवढंच ऐकू यायचं आणि ताट काही वर यायचं नाही.

डोक्याला लाल पटका होता. नवाकोरा. त्याची बायको फुलाबाई निरवांगीची. तिच्या भावानं, संभाजीनं, दिवाळीला आहेर केलेला. शाहीर रंगात आला, डफ कडाडला, झुंबररावानं वर बसल्याबसल्या मान डोलावली आणि पटक्याचा शेव फांदीत अडकला. मान पुढं गेली, पटका मागं राहिला. मग उलगडत उलगडत तो थेट शाहिराच्या खांद्यावर जाऊन पडला.

शाहिरानं वर बघितलं. एवढ्या उंचीवरून पटका देणारा माणूस त्यानं आयुष्यात पाहिला नसावा. पटका कपाळाला लावून त्यानं डोक्याला गुंडाळला आणि विचारलं, "गाव कंचं? नाव काय?" झुंबररावानं तोंड उघडलं ते पटका परत मागायलाच, पण चारपाचशे माणसं माना वर करून बघत होती. त्याच्या तोंडून गाव आणि नावच बाहेर पडलं. डफ वाजला आणि भीमा शाहिरानं हात वर करून म्हटलं:

पिंपळी ऐसं नामी गाव । तिथं दाता झुंबरराव ।
तान्हेला दारात आला । रिता न्हाई माघारी गेला । हो जी जी जी ॥

आमची पिंपळीची माणसं एकमेकांकडं बघून तोंडात उपरणी कोंबत होती. इतर गावांची माणसं मात्र टाळ्या वाजवत होती. लिंबावर चढलेला झुंबरराव त्या क्षणी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसला, आणि तिथून काही त्याला कुणी उतरवू शकलं नाही.

घरी आला तो डोक्याला पंचा गुंडाळून. फुलाबाईनं विचारलं, "अवं, दादानं दिलेला पटका कुठं हाय?"

"दिला," झुंबरराव म्हणाला.

फुलाबाईनं एकदा त्याच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. मी बैल सोडायला गेलो.

पुढच्या गुरुवारपर्यंत, म्हणजे बारामतीच्या बाजारापर्यंत, कडवं सगळ्या सडकेवर पसरलं. गाडीवानांना तेवढंच हवं असतं. भाजीपाला घालून परतणारा एक जण झुंबररावाच्या दारात गाडी उभी करून कडवंच म्हणाला, अगदी शाहिराच्या चालीत, आणि शेवटी हसून म्हणाला, "मालक, तान्हेला आलोय." झुंबररावाचं बोट सवयीनं वर झालं. पण या खेपेला ते कुठल्याही गावाकडं गेलं नाही. हवेतच थोडं हललं आणि विहिरीकडं वळलं.

"अगं, पाणी शेंद," तो आत ओरडला.

फुलाबाईनं पाणी शेंदलं. त्या दिवसापासून तीच शेंदत राहिली. दुसऱ्या आठवड्यात काट्या निघाल्या. उन्हाळ्यात सडकेच्या कडेला रांजण आला. झुंबरराव ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचा आणि पाणी पिणाऱ्याकडं अशा नजरेनं बघायचा, की त्या बिचाऱ्याला कडवं म्हणावंच लागायचं. कुणी विसरला तर झुंबरराव स्वतः पहिली ओळ गुणगुणून आठवण द्यायचा. दानाचा मोबदला मागू नये म्हणतात. त्यानं कधी मागितला नाही, फक्त सुरुवात करून द्यायचा.

हळूहळू त्याच्या आठवणीही त्या चालीवर बसू लागल्या. पटका आपण हातानं सोडून, नेम धरून, खाली टाकला, हे तर दोन महिन्यांतच ठरून गेलं. पुढं जुना काळही दुरुस्त व्हायला लागला. एकदा चार माणसांत तो सांगू लागला, "लढाईच्या साली वैशाखात एक वऱ्हाड आलं हुतं हितं. उन्हानं पार करपलेलं. मी म्हनलं, बसा. समद्यांना गुळाचं पानी दिलं. नवरदेवाचं डोळं भरून आलं बगा."

त्या वऱ्हाडातला नवरदेव मीच होतो. माझे डोळे भरून आले होते हे खरं, पण ते झुंबररावानं आमच्यावर कुत्रं सोडलं म्हणून. मुंडावळ्या सावरत मी अर्धा कोस पळालो होतो. आता चार माणसं माझ्याकडं वळून म्हणाली, "व्हय का वो सोपानराव?" मी म्हणालो, "व्हय. गूळ जरा जास्त झाला हुता." दुसरं काय म्हणणार? रांजणातलं पाणी मीही पीत होतो.

मग त्रेपन्नचा उन्हाळा आला. आदल्या पावसानं दगा दिला होता, कालव्याच्या पाळ्या लांबल्या, गावाच्या आडाचा तळ दिसू लागला आणि झुंबररावाच्या बारमाही विहिरीतही पाणी गुडघ्यावर आलं. माणसं प्यायली तर बाग जाणार, बाग भिजली तर माणसं. मोसंबीची झाडं त्यानं कुणाला हात लावू न देता वाढवली होती. त्या वर्षी पहिला खरा बहर धरणार होता.

एका सकाळी मी त्याला बांधावर बाभळीच्या काट्या गोळा करताना पाहिलं. मला त्याचा रागही आला नाही. मी असतो तर आठ दिवस आधीच रचल्या असत्या. इतक्यात वरच्या आळीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन सडकेनं आल्या, आणि त्यांच्यातली छबूबाई, नेहमीच्या सवयीनं, कडवं गुणगुणत होती. चिडवायला नव्हे. तिच्या तोंडात ते जात्यावरच्या ओवीसारखं बसलं होतं. झुंबररावानं हातातल्या काट्या खाली टाकल्या.

बाग निम्मी वाळली. एका दुपारी तो एका वाळल्या झाडाच्या बुंध्याला हात लावून उभा होता आणि रडत होता. आवाज न करता, पण रडतच होता. आयुष्यात पहिल्यांदा मला या माणसाबद्दल आदर वाटला. अर्थात मी तो त्याला कळू दिला नाही. आधीच हवा कमी होती का त्याच्यात! फुलाबाई तेव्हा विहिरीवर होती. पाणी खोल गेल्यानं दोर दुप्पट ओढावा लागायचा, आणि तिनं दोन्ही तळव्यांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. तिच्याकडं बघून मात्र कुणी कडवं म्हणत नव्हतं. त्यात तिचं नावच नव्हतं.

पंचावन्न साली संभाजीनं बहिणीला आणि मेव्हण्याला निरवांगीच्या यात्रेला बोलावलं. फुलाबाई म्हणाली, "मी गेले तर रांजण कोन भरंल?" म्हणून झुंबरराव मला घेऊन निघाला. वाटभर एकच विषय. भीमा शाहीर तिथं गाणार होता. आता बागेची हकिगत त्याच्या कानावर गेली असणार, एका कडव्याची चार कडवी झाली असणार. झुंबररावानं नवा सदरा घातला होता आणि या खेपेला तो झाडावर न चढता सगळ्यात पुढं बसला.

शाहीर थकला होता, आवाज तोच होता. अर्ध्यावर संभाजी उठला आणि त्यानं शाहिराला हिरवा पटका बांधला. हा संभाजी म्हणजे पाहुण्याला बाज देऊन चादर काढून घेणारा माणूस. डफ वाजला:

निरवांगी ऐसं नामी गाव । तिथं दाता संभाजीराव ।

पुढची ओळ तीच. तान्हेला तोच, दार तेच. गावाचं नाव चालीत नीट मावतसुद्धा नव्हतं, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी झुंबररावाकडं बघायचं टाळलं.

गाणं संपल्यावर तो शाहिरापुढं जाऊन उभा राहिला. "शाहीर, ह्ये कडवं पिंपळीचं न्हवं का?"

शाहिरानं त्याला ओळखलं नाही. पानाला चुना लावत तो म्हणाला, "पाव्हणं, ज्याचा पटका त्याचं कडवं. माझा बा बी ह्येच गायचा."

परतताना झुंबररावानं सगळी वाट खाली मान घालून काढली. मी बोलायला तयार होतो, चिडवायला इतका चांगला मुद्दा पुन्हा मिळणार नव्हता. पण माझी जीभ उचलली नाही. चार वर्षं सगळ्या गावानं ज्या माणसाला चढवलं, तो आता उतरला होता, आणि उतरल्यावर काय करील याची भीती मलाच वाटत होती. गावाचा आड अजून धड सावरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीती खरी ठरली. झुंबररावानं रांजण पालथा घातला आणि विहिरीभोवती काट्या रचायला घेतल्या. छबूबाई घागर घेऊन उभी होती, मी बांधावरून धावत आलो होतो. फुलाबाई दोर आणि पोहरा घेऊन घरातून आली. तिनं एक काटी पायानं बाजूला सारली आणि रहाटाला दोर लावला.

"ऱ्हाऊ दे," झुंबरराव म्हणाला. "त्ये गानं आपलं न्हाय. कुनाचंबी हाय. तुझ्या भावाचंबी हाय."

"मग?"

"मग काय मग? आपलं नाव न्हाय त्यात आता."

"माजं कवा हुतं?" फुलाबाई म्हणाली. ती ओरडली नाही. "चार वर्सं मी शेंदतीया. कुनी मला कडव्यात घातली? मी काय गान्यासाठी शेंदत हुते व्हय? गानं गेलं तर जाऊ द्या. तान ऱ्हातीच की मान्सांची."

तिनं पोहरा आत सोडला. झुंबरराव हातातल्या काट्यांकडं बघत राहिला. काटा बोटात घुसला होता, तेही त्याला समजलेलं दिसलं नाही. मग त्यानं काट्या टाकल्या, पुढं झाला आणि बायकोच्या हातातून दोर घेतला. शेंदायची सवय नव्हती. पोहरा दरडीवर आपटत आपटत वर आला आणि निम्मं पाणी सांडलं. फुलाबाईनं सांडू दिलं.

दुसरा पोहरा ओढता ओढता, आमच्यापैकी कुणाकडंही न बघता, तो म्हणाला, "त्यो पटका मी दिला न्हवता. पडला हुता."

"ठावं हाय," फुलाबाई म्हणाली. "दिला असता तर एवढ्या येळा सांगितलं नसतं."

झुंबररावानं पोहरा काठावर टेकवला. छबूबाईनं घागर पुढं सरकवली.