बयाबाईची ग्रामसभा

"आगं बया, ह्यो अधिकार मला हुता की!"

बयाबाई एवढ्या जोरात ओरडली, की भैरवी मॅडमच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला. कळंब्याच्या तुरुंगात महिला विभागात रविवारचा तास चालू होता. मुक्त विद्यापीठाकडून मॅडम राज्यशास्त्र शिकवायला यायच्या.

"कसला अधिकार, मावशी?"

"पाच वर्सं ग्रामपंचायतीची मेंबर हुते मी, बायकांच्या जागंवर. हितं लिवलंय बगा, ग्रामसभेच्या आधी बायकांची येगळी सभा घ्याय लागती. आमच्या गावात एकदा बी न्हाय झाली. आन् मी मेंबर!"

वर्गात हशा पिकला. बयाबाई हसली नाही. ती पुस्तकातल्या त्याच ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचत होती.

तिचं गाव कागलकडचं. शाळा चौथीपर्यंत. मेंबर झाली तीही नवऱ्यानं अर्ज भरला म्हणून. मीटिंगला तोच जायचा, रजिस्टर घरी यायचं आणि भाकरी थापता थापता हात पुसून ही सही ठोकायची. काय लिहिलंय ते वाचावं असं तिच्या कधी मनातही आलं नाही. पुढं मुदत संपली, नवरा वारला, आणि एक दिवस बांधावरून दिराशी जुंपली. तो अंगावर धावून आला तसा तिनं हातातल्या फावड्याचा दांडा हाणला. दीर पुन्हा उठला नाही.

दहा वर्षांची शिक्षा झाली. पहिलं वर्षभर ती कुणाशी धड बोललीच नाही. दिराचा चेहरा डोळ्यांपुढून हलायचा नाही. डोकं कशात तरी गुंतावं म्हणून दुसऱ्या वर्षी तिनं मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीच्या परीक्षेला नाव दिलं. लिहिता-वाचता येतंय एवढ्यावर छप्पन्न वर्षांच्या बाईला बसू दिलं. ती परीक्षा पार पडली आणि बयाबाई थेट बी.ए.च्या पहिल्या वर्षाला जाऊन बसली.

त्या रविवारी तिला जेवण गोड लागेना. पुस्तकातला तो सगळा भाग तिनं ठळक अक्षरात उतरून काढला आणि गावाकडं सुनेला, मीनाक्षीला, पत्र धाडलं. खाली लिहिलं, "म्या नुसत्या सह्या केल्या. तू इचार."

मीनाक्षी बारावी शिकलेली, पण भिडस्त. चारचौघांत तोंड उघडायची नाही. महिना गेला तरी उत्तर नाही. बयाबाईला वाटलं, आपणच पोरीला नको त्या फंदात पाडलं.

मग एका सकाळी मुलाखतीला नाव पुकारलं. काचेपलीकडं मीनाक्षी उभी, आणि फोन कानाला लावायच्या आधीच तिचे ओठ हलायला लागलेले.

"आत्या, झाली सभा!"

"काय सांगतीस!"

"त्रेसष्ट बायका! देवळात बसाय जागा न्हाय. ग्रामसेवक म्हणालं, आपल्यात अशी पद्धत न्हाय. मग म्या तुमचं पत्र काढलं आन् खणखणीत वाचलं. त्येनं लगोलग रजिस्टर उघडलं!"

"तू वाचलंस? सगळ्यांम्होरं?"

"मान वर केली न्हाय, पर वाचलं. नळाला पाणी दुपारी एकला सोडत्यात, तवा आमी समद्या रानात. सकाळी सहाला सोडा म्हणून ठराव केला. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत मंजूर! आठ दिस झालं, सहाच्या ठोक्याला पाणी येतंय."

बयाबाईनं काचेवर हात आपटला. पहाऱ्यावरच्या बाईनं दरडावून पाहिलं, तरी तिला हसू आवरेना.

मीनाक्षीचा आवाज मात्र खाली आला. "ठरावाला अनुमोदन आक्कांनी दिलं."

आक्का म्हणजे बयाबाईची जाऊ. मेलेल्या दिराची बायको.

"पत्र माजं हाय, हे ठावं हुतं तिला?"

"व्हय. समदं ऐकून घेतलं आन् हात वर केला."

बयाबाईनं तेवढंच तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मीनाक्षीचं दुसऱ्यांदा सांगून होतंय तोवर वेळ संपली.

परीक्षा तुरुंगातच झाली. राज्यशास्त्राच्या पेपरात ग्रामसभेवर प्रश्न बघून तिच्या तोंडून "आई अंबाबाई!" निघालं. तिनं अशी काही लेखणी चालवली, की पुरवण्या देऊन देऊन पर्यवेक्षक बेजार झाले.

निकाल घेऊन भैरवी मॅडम जवळजवळ पळतच आल्या. "मावशी, पास! आणि राज्यशास्त्रात आपल्या परीक्षा केंद्रात पहिल्या!"

बराकीत एकच कल्ला झाला. कुणी थाळ्या वाजवल्या, कुणी तिला उचलूनच घेतलं. "खाली ठिवा गं, कंबर मोडंल!" ती ओरडत होती आणि डोळ्यांना धार लागली होती.

दुसऱ्या दिवशी फोनची पाळी आली. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं आणि वर हुकूमच सोडला, "मीने, आता तू बी बी.ए.चा फारम भर."

पलीकडनं मीनाक्षी हसली. "कालच भरला की, आत्या. आन् माझ्यासंगं चौघीजणींनी."