आंब्याने कोणाला चोरलं?

एकदा मी फळ्यावर लिहिलं, की आंब्याने माणसाला चोरलं. इंग्रजीत लिहिलं — सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून.

या एका ओळीपायी एका मुलाचा कान गेला आणि एका माणसाचा हात. आणि त्यातली खरी गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आईला नाही, बायकोला नाही, देवळात गाऱ्हाणं घालताना देवालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांना मी फक्त विनोद सांगतो.

तसा मी फजितीसाठी नावाजलेला माणूस. स्वतःच्या साखरपुड्याला भलत्याच घरी जाऊन दोन वाट्या खीर खाऊन आलेला. मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात, ते समोर खुर्चीत बसलेले असताना, त्यांच्या आत्म्याला शांती चिंतणारा. हे सगळं मी हातवारे करून सांगतो, लोक पोट धरून हसतात, कुणीतरी चहा पाजतं. पण त्या दिवसांत — आणि इथेच सगळी मेख आहे — मला कुणी हसलेलं चालत नसे. वर्गात तर नाहीच. हसू ऐकलं की माझा हात आपोआप टेबलावरच्या शिमटीकडे, म्हणजे छडीकडे जाई. निरगुडीची ओली शिमटी. रोज नवी तोडून आणायला लावायचो, कारण वाळलेली लवकर मोडते.

गोव्यात डिचोलीच्या बाजूला एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत होतो. मूळचा पेडण्याचा, शिकलो मराठीतून, बी.ए. बाहेरून काढलं. माझं इंग्रजी गाईडात राहायचं. गाईड घरी राहिलं की इंग्रजीही घरी. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह मी झकास शिकवायचो — पुढचं मागे, मागचं पुढे, मध्ये क्रियापदाला 'वॉज' चिकटवा, झालं. उलट्या दिशेने, पॅसिव्हचं ॲक्टिव्ह करताना मात्र माझे पाय लटपटत. प्रश्नार्थक वाक्य असेल तर विचारूच नका.

त्या दिवशी प्रश्नार्थकच होतं. 'बाय हूम वॉज द मँगो स्टोलन?' आंबा कोणाकडून चोरला गेला? गाईड घरी. मी आपला नियम चालवला — पुढचं मागे, मागचं पुढे — आणि उत्तर लिहिलं: 'हूम डिड द मँगो स्टील?' खाली रेघ मारली. मागे वळलो.

तिसऱ्या बाकावर अंतू उभा होता. विठू ड्रायव्हरचा मुलगा. आगाऊ नव्हता हो — हे मला आज सांगता येतं, तेव्हा मात्र तो आगाऊच वाटला. त्याने फळ्याकडे बघितलं आणि अगदी खऱ्या शंकेने विचारलं, "सर, म्हणजे आंब्यान कोणाक चोरलो?"

वर्ग फुटला. मुली वह्यांमागे तोंडं लपवून हसल्या, मुलगे बाकं बडवून हसले. आणि मला त्याच क्षणी माझी चूक दिसली. म्हणजे बघा — चूक कळायला मला अर्धा क्षणही लागला नाही. 'बरोबर आहे रे तुझं,' एवढं म्हणून डस्टर फिरवायचं होतं. किती सोपं होतं ते?

मी त्याला मारलं.

किती, ते नीट सांगतो. आधी तळहातांवर, मग पोटऱ्यांवर, शिमटी मोडली तेव्हा हाताने. केस धरून त्याचं डोकं फळ्यावर आपटलं, नेमकं त्या ओळीवर. अर्धी ओळ त्याच्या कपाळाने पुसली गेली. मग डाव्या कानाखाली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा उलट्या हाताने. तो पडला, तेव्हा बाकाची कड त्याला लागली. कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर आली. वर्ग इतका चिडीचूप झाला, की बाहेरून जाणारे खाणीचे ट्रक ऐकू येऊ लागले. आणि मला — लाज वाटते, पण आता काय राखायचं? — मला त्या शांततेचं समाधान वाटलं. उरलेली ओळ मी स्वतः पुसली.

एवढीच गोष्ट असती, तर मी एक मारकुटा मास्तर ठरलो असतो. तसे तेव्हा गल्लोगल्ली होते. पण दिवस राजभाषेच्या आंदोलनाचे होते. घटकराज्य येणार, येणार म्हणत होते, आणि मराठी की कोकणी यावरून बाप-लेक एका पानावर जेवत नव्हते. मी मराठीवाला. घरी आईशी कोकणी बोलायचो, आरती मराठीत म्हणायचो, शिव्या दोन्हींत द्यायचो. सगळ्यांचं तसंच होतं. पण ते कुणाला सांगायचं?

संध्याकाळी हॉटेलात भाजी-पाव खात बसलो होतो. आमच्या बाजूचे एक पुढारी आले, त्यांनी पाठीवर थाप मारली. "मास्तर, कोकणीत बोलला म्हणून फोडलात म्हणे त्याला? शाबास! असे पाच मास्तर हवेत."

माझ्या तोंडात पाव होता. तो गिळेपर्यंत मला पुरेसा वेळ होता — 'नाही हो, माझं इंग्रजी चुकलं,' असं म्हणायला. पाव गिळला, आणि म्हणालो, "शाळेत शिस्त पाहिजे."

आठवडाभरात देवळाच्या मंडपात सभा झाली. मला झेंडूचा हार घातला. त्याच रात्री माझ्या खोलीच्या दारावर कुणीतरी डांबर ओतलं. एका बाजूला हार, दुसऱ्या बाजूला डांबर — आयुष्यात पहिल्यांदा मी कुणीतरी झालो होतो. आणि गंमत सांगू? सभा संपल्यावर, मंडपाच्या पायऱ्या उतरताना, सगळे एकमेकांशी कोकणीतच बोलत होते. मीसुद्धा.

विठू मग शाळेत आला. खनिजाचा ट्रक चालवायचा तो. लाल धूळ भुवयांपर्यंत, आवाज हॉर्नसारखा, पण मला नेहमी 'तुमी' म्हणायचा. त्या दिवशीही म्हणाला. "मास्तर, भुरग्याक मारलें ताचें हांव कांय म्हणना. हांवूय मारतां. पूण लोक म्हणटात, आमी तुमचे दुस्मान. वाड्यार उदक भरूंक दिनात, रस्त्यार गाडी आडायतात. तुमी फकत खरें सांगात. आंब्याचें."

पोराला मारल्याची तक्रार नव्हती; वाड्यावर त्यांना पाणी भरू देत नव्हते, म्हणून मी खरं सांगावं, एवढंच मागणं. म्हणजे अंतूने घरी सांगितलं होतं. साहजिकच होतं. मी म्हणालो, "सांगतां रे. सभेत सांगतां."

सभा झाल्या. एक सोडून तीन झाल्या. मी तिन्हींत बोललो — आंब्याचं सोडून सगळं.

आता येतो. किती वेळ लांबवणार? तुम्हाला वाटलं असेल कबुली झाली, आता उपदेश येणार. नाही. आतापर्यंत सांगितलं ते तर मी मनात निदान घोळवलेलं होतं. पुढचं मी मनातही पूर्ण वाक्यात कधी म्हटलेलं नाही.

त्या दिवशी बंद होता. आम्ही रस्त्यावर झाड आडवं पाडलं होतं, टायर पेटवले होते. दुपारपर्यंत पोरांनी दोन बसच्या काचा फोडल्या होत्या, आणि फोडण्यासारखं आणखी काही येत नव्हतं म्हणून सगळे अस्वस्थ होते. गर्दीला हात असतात आणि ते रिकामे राहिले की खाजतात. मी पुढे होतो. मास्तर म्हणून मान होता. तेवढ्यात विठूचा ट्रक आला. झाडापासून चांगला लांब थांबला. त्याने इंजिन बंद केलं — हे मी शपथेवर सांगतो, त्याने इंजिन बंद केलं — आणि हात वर करून खाली उतरला. चालत आला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "आयकात रे! ह्या मास्तरान फळ्यार कितें बरयल्लें तें म्हायत आसा तुमकां?"

आणि दोघंतिघं हसले. काय लिहिलं ते कळण्याआधीच — नुसत्या विठूच्या सुरावर. त्याचा सूर गमतीचाच होता. तो मारामारी करायला आला नव्हता. सगळ्यांना हसवून, मलाही त्या हसण्यात घेऊन, मामला मिटवायला आला होता. आज मी रोज जे करतो, तेच.

तीच हसण्याची सुरुवात. तोच वर्ग. माझा हात उठला — आणि या वेळी हातात शिमटी नव्हती, म्हणून बोट उठलं. मी त्याच्याकडे बोट दाखवून ओरडलो, "हाच तो! गाडी आपल्या अंगावर घालायला आलाय!"

सात शब्द. शुद्ध मराठीत.

पुढचं मला करावं लागलं नाही. पहिला दगड त्याच्या तोंडावर बसला, त्याचं वाक्य तिथेच तुटलं. तो पाठमोरा पळाला, ट्रकच्या दाराशी त्याला गाठलं. लाथा, काठ्या, झाडाच्या तोडलेल्या फांद्या. त्याच्याच गाडीतला जॅकचा दांडा कुणीतरी उपसून काढला. त्याने डोकं वाचवायला उजवा हात वर धरला होता. तो हात दोघांनी मडगार्डवर दाबला आणि तिसऱ्याने कोपरावर दांडा घातला. आवाज झाला. ओलं लाकूड मोडतं तसा नाही. वाळलेलं मोडतं तसा. तो आईला हाक मारत होता. आम्हा सगळ्यांच्याच आया ज्या हाकेला ओ देतात, तीच हाक. मी जागच्या जागी उभा होतो. बोट खाली घ्यायचंही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

पुढे पोलीस आले, विचारपूस झाली. कोणी मारलं? मी म्हणालो, "मार बसला त्याला. गर्दी होती." वर्गात मी पोरांना एक युक्ती शिकवायचो — पॅसिव्हमध्ये कर्ता दिलेला नसेल, तर ॲक्टिव्ह करताना खुशाल 'समबडी' घाला, मार्क जात नाहीत. तीच चालवली. मार्क गेले नाहीत.

मी एकही दगड मारला नाही, असं मी स्वतःला कैक वर्षं सांगत आलो. खरंच आहे ते. सगळ्यात निरुपयोगी खरं.

विठूचा हात कोपरात वाकला तो वाकलाच. ट्रकचं स्टिअरिंग त्या हाताने फिरेना. अंतूने शाळा सोडली, डाव्या कानाने त्याला ऐकू येईनासं झालं. घटकराज्य आलं, दोन्ही बाजूंचे पुढारी एकमेकांच्या लग्नांत जेवले. मी बदली मागून घेतली, पुन्हा कधी तो धडा शिकवला नाही — आणि फजितीच्या गोष्टी सांगायला लागलो. लोकांनी हसण्याआधी आपणच हसवावं, हे तेव्हापासून शिकलो. उशिरा शिकलो.

निवृत्तीनंतर परत डिचोलीत राहायला आलो. बाजारात मान आहे. आंब्यांच्या दिवसांत कोळणीसुद्धा हाक मारतात, "सर, आंबे व्हरनात?" — आंबे नेत नाही का? — आणि एकमेकींकडे बघून हसतात. मला वाटायचं, लोभ आहे लोकांचा.

गेल्या उन्हाळ्यात विठू दिसला. बाजाराची पिशवी त्याने वाकलेल्या कोपरात अडकवली होती — खुंटीला अडकवावी तशी. त्याने मान हलवली, मीही हलवली. घरी आलो, पण ती खुंटी डोळ्यांसमोरून हलेना. ठरवलं, जायचं. सांगायचं. आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून — माझ्यासारखा गाढव मीच — वाटेत डझनभर मानकुराद आंबे घेतले.

"येयात मास्तर, बसात," म्हणाला. त्याच्या बायकोने पाणी आणलं, पिशवीत डोकावली, आणि आत गेली. मी सुरुवात केली. फळा, गाईड, 'हूम डिड द मँगो स्टील' — सवयच हो, सांगता सांगता हातवारे सुरू झाले, आवाज चढला, वर्ग कसा हसला ते मी हसून दाखवलं. अंतूला मारलं तेही सांगितलं, माझे डोळे भरले. मग पाव, मग हार. आणि तिथे थांबलो. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं — ते तसंच पाण्याच्या घोटाबरोबर आत गेलं. "चुकलो रे विठू," म्हणालो, आणि उठलो. दाराशी पोचेपर्यंत मला चक्क हलकं वाटू लागलं होतं.

विठू बसल्या जागेवरून उठला नाही. वाकलेल्या हाताने त्याने पिशवी माझ्याकडे सरकवली.

"आंब्याचें सगळ्या गांवाक खबर आसा. तुजे फाटीफाटल्यान लोक तुका आंबो मास्तर म्हणटात. म्हाका वाटलें, आज तरी बोटाचें सांगतलो. व्हर तुजे आंबे."