वैशालीची पृथ्वीप्रदक्षिणा आणि आमची खोली

जिथं काम थोडं अन् वाट बघणं जास्त, तिथं किस्से लई साचतात. नळदुर्गच्या हायवेला, टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत आम्ही तिघांनी सव्वादोन महिने नुसती वाट बघितली. अणदूरची वैशाली एका इंजिनच्या लहान विमानातून एकटीच जगाला फेरी मारत होती. एवढ्या लहान विमानातून असं जाणारी आपल्याकडची ती पहिलीच बाई. रेकॉर्ड होणार होतं, अन् त्या निमित्तानं बहिऱ्या पोरांच्या कानाच्या मशीनसाठी मदत गोळा होत होती.

खोलीत तिचे वडील आण्णा, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. शेख सर पूर्वी हवाई दलात वायरलेसवर; हवामान बघणं त्यांच्याकडं. आणि मी, तिच्या शाळेतला भूगोलाचा मास्तर. परवानग्यांची पत्रं माझ्याकडं.

आता शेख सर लेकाकडं पुण्याला गेलेत. खोलीत टायरवाल्यानं माल भरलाय. किस्से तेवढे माझ्याकडं राहिले. माणूस सापडला की सांगतो.

*

वैशालीनं घरी पहिल्यांदा बेत सांगितला, तेव्हा आण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "संगट कोन?"

"कुणी नाही. मागच्या सीटा काढून तिथं तेलाची टाकी बसवलीय."

आण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मंग घंटी कोन मारनार?"

वैशाली हसली. आण्णा हसले नाहीत.

*

विमान समुद्रात पडलं तर गारठून मरू नये म्हणून डोक्यापासून पायापर्यंत रबरी सूट असतो, भडक नारिंगी. तो घालून पोहता येतं का, हे वैशालीनं शेतातल्या विहिरीत बघायचं ठरवलं. सूट चढवला अन् दिली उडी!

शेजारच्या रानातून गोदाकाकू बोंबलत आल्या, "आगं, पोरीनं जीव दिला!"

वैशाली वर तरंगली, हात हलवला. काकूंनी डोळे गच्च मिटून हात जोडले, "कोनाचं भूत हाईस गं, बाई?"

*

समुद्रावर फोन चालत नाही. सॅटेलाइटच्या एका डबीवरून दोन-दोन ओळींचे मेसेज जायचे. शेख सर वारा, ढग आणि उंची, एवढंच पाठवायचे. "ड्यूटीपे गप्पा नै करते, मास्तर. डिसिप्लिन!"

प्रशांत महासागरावर नववा तास चालू होता. तिचा मेसेज आला : "हवामान नको. काहीतरी बोला."

सर चष्मा पुसत राहिले. मग एका बोटानं टाइप केलं : "नीचे टायरवाला पंक्चर काढ रा. ट्यूब में से बुलबुले आ रे."

तिचं उत्तर आलं : "किती?"

सर जिना उतरून बुलबुले मोजायला गेले!

*

उत्तरेकडच्या एका बेटावर धावपट्टी, एक शेड अन् विमानात तेल भरणारा एक म्हातारा, बास. वादळामुळं ती तिथं तीन दिवस अडकली. त्यातच तिचा वाढदिवस.

"मास्तर," नंतर तिनं सांगितलं, "इंग्रजी बोलून बोलून तोंड कडू झालं होतं. त्या दिवशी म्हाताऱ्याशी तासभर मराठीतच बोलले. आईबद्दल. ती गेली त्या दिवसाबद्दल."

"त्याला काय कळलं?"

"काय की. पण उठताना त्यानं खिशातनं बायकोचा फोटो काढून दाखवला."

*

त्याच डबीमुळं नकाशावर तिचा ठिपका दर दहा मिनिटांनी सरकायचा. एका सकाळी भर समुद्रात तो थांबला. अकरा वाजले. बारा. एक. कुणी जेवणाचा डबा उघडला नाही. शेख सर एकेका विमानतळाला फोन लावत होते. आण्णा खुर्चीत, हात गुडघ्यांवर, समोर भिंतीकडं बघत.

अडीचला ठिपका हलला! डबीनं दगा दिला होता, विमान ठणठणीत होतं. मी ओरडलोच. पण आण्णांना उठता येईना. उजवा पाय पार आखडलेला. इतका वेळ त्यांनी तो फरशीवर दाबून धरला होता.

शेख सर पाय चोळायला खाली बसले. "ब्रेक दबाये थे क्या, आण्णा?"

"येडे झालाव का, सर? ब्रेक दाबला असता तर पडली असती की! एक्सलेटर!"

*

रेकॉर्ड झालं. धाराशिवला सत्कार ठेवला. बॅनरवर छापलेलं विमान दोनशे माणसांचं! दोन तास भाषणं चालली. मंडपात सगळे चुळबुळ करत होते, फक्त पहिल्या रांगेत नव्या मशीन लावलेली पोरं शांत, हसतमुख.

एक पुढारी माइकवरून म्हणाले, "शिस्त शिकावी तर या लेकरांकडून!"

पोरांच्या बाई माझ्या कानाशी वाकल्या, "सर, बटणं बंद केलीत त्यांनी."

*

सत्कारानंतर वैशाली कुणाशी फारसं बोलेना. असेच काही महिने गेले. एक दिवस म्हणाली, "मास्तर, तेरला येता का?" तिथं रुक्मी म्हणून सात वर्षांची पोर होती. आमच्या मदतीतून मशीन लागून सहा-सात महिने झालेले, बोलायला शिकत होती.

दुपारची वेळ. रुक्मी अंगणात वैशालीला चिकटून बसली. आभाळाकडं बोट करून तिनं विचारलं, "तितं... कोन... हाक मारतं?"

"कुणीच नाही गं."

पोरीनं जरा विचार केला. मग आपल्या कानातली मशीन काढली, वैशालीच्या कानात बसवली, अन् अंगण ओलांडून पार बाभळीपाशी जाऊन उभी राहिली. तिथून ताकद लावून ओरडली, "ता-ई!"

वैशालीनं ओ दिली.

पोरीला ती ऐकू गेली नाही. तिनं पुन्हा हाक मारली.